एडिसनहून म्युनिकला: कंटेनर भरण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत १२ वर्षं राहिलेलं एडिसनचं एक कुटुंब ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या म्युनिकला जातंय. नोकरी यजमानांची. ते ग्रीन कार्डवर आहेत आणि पासपोर्ट भारतीय. विचारणाऱ्या ताई आणि दोन्ही मुलं, एक ७ वर्षांचं आणि एक ३ वर्षांचं, अमेरिकन नागरिक. कंपनी अर्ध्या कंटेनरचा खर्च देणार आहे. ताई विचारतात, "काय न्यावं, काय विकावं, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत रोजच्या जगण्यात कशाकशाची सवय करून घ्यावी लागेल?"

ताई, सामानाचं उत्तर सोपं आहे, ते खाली देतेच. खरी अडचण सामानाची नसते. अमेरिकेत काही विसरलं तर पैसे टाकून कुठल्याही वेळी भरून काढता येतं. रविवारी रात्री डायपर संपले तर गाडी काढायची, दहा मिनिटांत काम होतं. जर्मनीत प्रत्येक गोष्टीला तिची वेळ असते आणि तिचा क्रम असतो. एक कागद मागे राहिला की पुढचे चार अडतात, आणि जास्त पैसे मोजून ते सुटत नाहीत. स्थलांतराच्या कामात जी कुटुंबं वैतागलेली दिसतात, त्यातली बहुतेक क्रम चुकल्यामुळे वैतागलेली असतात. म्हणून मीही क्रमानेच सांगते. बऱ्याच गोष्टी तुमच्या घराच्या करारावर, इमारतीच्या नियमांवर आणि शेगडीच्या प्रकारावर ठरतील. तिथे तसं म्हणेन.

पहिलं काम यजमानांच्या पासपोर्टचं. अमेरिकन नागरिक व्हिसा न घेता जर्मनीत उतरू शकतात आणि ९० दिवसांच्या आत तिथेच निवास परवान्याचा अर्ज करू शकतात. ग्रीन कार्डवर ही सवलत नाही, कारण जर्मनी पासपोर्ट बघते. त्यांना निघण्याआधी जर्मन वकिलातीतून नोकरीचा व्हिसा घ्यावाच लागेल. "आपण अमेरिकेतून जातोय, सगळ्यांना एकच नियम" असं समजून चौघांची तिकिटं एकाच दिवसाची काढू नका. दुसरं, वर्षापेक्षा जास्त काळ बाहेर राहणार असाल आणि ग्रीन कार्ड टिकवायचं असेल, तर री-एन्ट्री परमिटचा अर्ज, म्हणजे फॉर्म आय-१३१, ते अमेरिकेत असतानाच भरावा लागतो. म्युनिकला पोचल्यावर आठवून उपयोग नाही.

तुमचा परवाना कुटुंब म्हणून मिळेल, म्हणजे विवाह प्रमाणपत्र लागणार. लग्नाची नोंद पुण्यात किंवा नाशकात झाली असेल तर इथे मोठी मेख आहे. भारत अपोस्टिल करारात आहे (अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का), पण त्या सहभागाला जर्मनीने हरकत घेतलेली असल्यामुळे भारतीय अपोस्टिल तिथे चालत नाही. निवास परवाना देणाऱ्या कार्यालयाने प्रमाणपत्राची पडताळणी मागितली तर त्यात महिने जातात. ते कार्यालय नेमकं काय मागतं हे आत्ताच लेखी विचारून घ्या. मुलांचे न्यू जर्सीचे जन्मदाखले मात्र राज्याच्या अपोस्टिलसह सरळ चालतात. दाखल्यांच्या नव्या प्रती काढा, आणि भाषांतर करायचं तर जर्मनीतल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या.

उतरल्यावर सगळ्याचं मूळ म्हणजे पत्ता. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेत नोंद करायची असते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा एक फॉर्म लागतो. तात्पुरत्या फ्लॅटचे काही मालक ही सही देत नाहीत, म्हणून आगाऊ पैसे भरण्याआधीच विचारा. नोंदणीनंतर काही आठवड्यांत ११ आकडी कर क्रमांक पोस्टाने येतो. तो कंपनीला वेळेत मिळाला नाही तर पगारातून सर्वांत जड, म्हणजे सहाव्या वर्गाचा कर कापला जातो. पुढे तो परत मिळतो, पण पहिल्या महिन्यांत हात आखडतो. तो क्रमांक पोचतो की नाही हे एका क्षुल्लक वस्तूवर अवलंबून असतं: टपालपेटीवरचं नाव. तिथे फ्लॅट नंबर नसतात, पोस्टमन आडनाव वाचून पत्र टाकतो. तुमचं माहेरचं आडनाव कायम असेल, तर पेटीवर आणि बेलवर दोन्ही आडनावं लावा. आपल्या पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाच्या रकान्यातच असतं, त्यामुळे जर्मन कागदांवर तेही तुमचं पहिलं नाव म्हणून चिकटतं. मग बँक, विमा, शाळा सगळीकडे अगदी तसंच लिहायचं, कुठे गाळायचं नाही.

आता कंटेनर. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, जर्मनीत २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. प्रत्येक वस्तूच्या बुडाशी किंवा चार्जरवर 'इनपुट' लिहिलेलं असतं ते वाचा. १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असेल तर फक्त प्लगचा अडॅप्टर पुरतो. लॅपटॉप, फोन, कॅमेरा, इलेक्ट्रिक टूथब्रशचे बरेच चार्जर यात बसतात. नुसतं १२० लिहिलेलं असेल तर ती वस्तू विका. कारण साधं आहे. तापणाऱ्या उपकरणाची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २३० भागिले १२०, त्याचा वर्ग केला की साधारण ३.७ येतो. १००० वॉटचा टोस्टर तिथे ३६०० वॉटच्या वर ओढू पाहील. मग तार जळेल नाहीतर फ्यूज उडेल. स्वस्त अडॅप्टर फक्त प्लगचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही, आणि नेमकी इथेच लोकांची गफलत होते. तीच गोष्ट अमेरिकन एक्स्टेन्शन बोर्डची. त्यातला विजेची अचानक आलेली लाट रोखणारा भाग (सर्ज प्रोटेक्टर) १२० व्होल्टसाठी असतो, २३० वर तो जळतो आणि कधीकधी धूरही काढतो. "चार प्लगचा बोर्ड नेऊ, अडॅप्टर एकच लागेल" ही युक्ती म्हणूनच करू नका.

ट्रान्सफॉर्मर घेऊन चालवता येतं, पण १००० वॉटच्या इन्स्टंट पॉटसाठी, म्हणजे विजेच्या कुकरसाठी, लागणारा ट्रान्सफॉर्मर काही किलोंचा असतो, गुणगुणतो आणि ओट्याची जागा खातो. शिवाय तो व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. भिंतीतल्या विजेच्या हर्ट्झवर चालणारं जुनं घड्याळ तासाला १० मिनिटं मागे पडेल.

मिक्सरचं वेगळं सांगते, कारण मराठी घरात तोच पहिला प्रश्न असतो. अमेरिकेतल्या भारतीय दुकानातून घेतलेला मिक्सर ११० व्होल्टचा असतो, तो मागेच ठेवा. भारतातून आणलेला २३० व्होल्ट ५० हर्ट्झचा मिक्सर जर्मनीत तसाच चालतो. फक्त आपला गोल तीन पिनांचा प्लग तिथल्या भिंतीत बसत नाही. त्यासाठी अर्थिंग जोडणारा अडॅप्टर घ्या, अर्थिंग नसलेला साधा दोन पिनांचा नको. म्हणजे कोणी नातेवाईक पुण्याहून येणार असतील तर मिक्सर त्यांच्याबरोबर मागवा. कुकरचं शेगडीवर ठरतं. जर्मन घरांत बहुधा काचेची विजेची शेगडी असते. साध्या तापणाऱ्या काचेवर सपाट बुडाचा ॲल्युमिनियमचा कुकर चालतो, इंडक्शनवर चालत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटतो का बघा, चिकटला तरच इंडक्शनवर चालेल.

गाद्या-पलंगांची मापंही वेगळी. अमेरिकन क्वीन १५२ बाय २०३ सेंटीमीटर, जर्मन पलंग १४०, १६० किंवा १८० बाय २००. तुमच्या चादरी तिथल्या गादीवर नीट बसणार नाहीत आणि तिथल्या चादरी तुमच्या गादीवर. पलंग नेत असाल तर चादरींचे तीन-चार जोड सोबत घ्या, नाहीतर दोन्ही इथेच सोडा. घरसामान करमुक्त नेण्यासाठी ते निदान ६ महिने वापरलेलं असावं लागतं, आणि नंतर वर्षभर विकता येत नाही. निघण्याच्या आठवड्यात घेतलेला नवा टीव्ही त्यामुळे अडचणीचा. मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणायला बंदी आहे, म्हणजे तुपाची बरणीही बॅगेत नको. तिथे कुठल्याही सुपरमार्केटात 'बुटरश्माल्ट्स' मिळतं, ते तूपच समजा.

घर बघताना जाहिरात नीट वाचा. 'तीन खोल्या' म्हणजे हॉल धरून तीन, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सोडून. तुमच्या अमेरिकन हिशोबात हे दोन बेडरूमचं घर झालं. 'काल्टमीटं' म्हणजे नुसतं भाडं, 'वार्ममीटं' म्हणजे हीटिंग आणि इमारतीचा खर्च धरून. घरातली वीज आणि इंटरनेट बहुधा दोन्हीच्या बाहेर असतं. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमीटं, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा हक्क कायद्यानेच आहे. सगळ्यात मोठा धक्का स्वयंपाकघराचा बसतो. फर्निचर नसलेल्या घरात अनेकदा ओटा, सिंक, शेगडी, कपाटं काहीच नसतं. भिंतीतून पाण्याचा पाइप आणि वायर तेवढी बाहेर आलेली दिसते. छताला दिवेही नसतात. जाहिरातीत 'ईबीके' असेल तर स्वयंपाकघर आहे. नसेल तर नवं बसवायला काही आठवडे धरा आणि विजेच्या शेगडीची जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. मजले मात्र आपल्याच पद्धतीचे: तळमजला, मग पहिला. अमेरिकेत वाढलेल्या मुलांना मात्र ते सांगावं लागेल.

घरात शिरल्यावर शिकायची गोष्ट म्हणजे खिडकी. न्यू जर्सीतल्या लाकडी घरात हवा आपोआप थोडीफार खेळते. जर्मन इमारती घट्ट बंद असतात, आत तयार झालेली वाफ आतच राहते. कुकरच्या शिट्ट्या, भात, चार जणांच्या आंघोळी, घरात वाळत घातलेले कपडे. हिवाळ्यात ही वाफ थंड कोपऱ्यांत बसते आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. मालकाने "तुम्ही हवा खेळवली नाही" असं सिद्ध केलं तर खर्च तुमच्यावर येतो. उपाय असा: दिवसातून दोन-तीन वेळा हीटर बंद करून समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडायच्या, ५ ते १० मिनिटं, मग बंद. आंघोळ किंवा मोठा स्वयंपाक झाला की लगेच आणखी एकदा. खिडकीची मूठ खाली असली की बंद, आडवी केली की पूर्ण उघडते, वर केली की वरून तिरकी झुकते. ती तिरकी करून दिवसभर ठेवणं ही नवख्यांची हमखास चूक आहे. हवा जेमतेम बदलते, खिडकीभोवतीची भिंत थंड पडते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र घ्या, ४० ते ६० टक्क्यांत ठेवा. रेडिएटरच्या चकतीवरचा ३ हा आकडा म्हणजे साधारण २० अंश, पुढचा प्रत्येक आकडा ४-एक अंशांनी वर. ५ वर फिरवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते. वर्षाच्या शेवटी हीटिंगचा हिशोब येतो तेव्हा ते कळतं. एसी नसतो. उन्हाळ्यात सकाळीच बाहेरची शटरं खाली ओढायची आणि रात्री सगळं उघडायचं, अगदी विदर्भातल्यासारखं.

आता आठवड्याची घडी. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बायर्नमध्ये दुकानं रात्री ८ ला बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. अपवाद स्टेशन, विमानतळ, पेट्रोल पंप आणि काही तास बेकऱ्या. सणाच्या दिवशीही तेच. तुम्ही ऑगस्टमध्ये जाताय म्हणून मुद्दाम सांगते: १५ ऑगस्टला म्युनिकमध्ये मेरीच्या सणाची सुट्टी असते. तो दिवस शनिवारी आला तर शुक्रवारी रात्री ८ पासून सोमवार सकाळपर्यंत दुकान नाही. पोचल्या पोचल्या दूध, डायपर, तांदूळ, टॉयलेट पेपर घ्या आणि मग झोपा. औषधांचंही लक्षात ठेवा. आयबुप्रोफेन किराणा दुकानात मिळत नाही, फक्त औषधांच्या दुकानात. ४०० मिलिग्रॅम चिठ्ठीशिवाय, ६०० ला चिठ्ठी हवी. रात्री आणि रविवारी पाळीने एखादं औषध दुकान उघडं असतं, तिथे २.५० युरो जादा लागतात. तातडीसाठी ११२, पोलिसांसाठी ११०, आणि तातडी नाही पण दवाखाने बंद आहेत अशा वेळी ११६११७. मुलाला अमेरिकेतला तातडीचा ९११ विसरायला लावा.

शांततेचे तासही असतात: रात्री १० ते सकाळी ६, शिवाय रविवार आणि सणाचा सगळा दिवस. ड्रिल, हातोडा अजिबात नाही. काही इमारतींत दुपारी १ ते ३ देखील. वॉशिंग मशीन रविवारी चालेल का हे इमारतीच्या नियमावलीत पाहा, सगळीकडे सारखं नसतं. सकाळी साडेपाचला चटणीसाठी मिक्सर लावायची सवय असेल तर चटणी आदल्या संध्याकाळी वाटा. कचऱ्यात कागद, ओला आणि उरलेला असे वेगळे डबे. ओल्या कचऱ्यात प्लास्टिकची पिशवी चालत नाही, 'विघटनशील' लिहिलेलीही म्युनिकमध्ये नाही. कागदी पिशवी वापरा. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या मोठ्या डब्यात रंगानुसार टाकायच्या, पण रविवारी आणि रात्री नाही, आवाज होतो म्हणून. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते. त्या चेपू नका, मशीनला बारकोड वाचता आला पाहिजे.

स्वयंपाकात पाण्याचा परिणाम आधी जाणवेल. म्युनिकचं पाणी पिण्याला उत्तम पण क्षारांचं आहे. केटलमध्ये आठवड्याभरात पांढरा थर धरतो. सायट्रिक ॲसिड थंड पाण्यात घालून ठेवा, उकळू नका, नाहीतर न विरघळणारा वेगळाच थर बसतो. साबणाच्या पाकिटावर तीन मात्रा असतात, त्यातली क्षारांच्या पाण्याची घ्या. मैद्यावर आकडे असतात: ४०५ केकसाठी, ५५० तुमच्या ऑल-पर्पज पिठाच्या जवळचं. पोळ्यांचं पीठ भारतीय दुकानातूनच आणा, अडलंच तर गव्हाच्या 'फोलकॉर्न' पिठात अर्धं ५५० मिसळा. 'नाट्रोन' म्हणजे खाण्याचा सोडा. जर्मन बेकिंग पावडर ओलं होताच काम सुरू करते, म्हणून मिश्रण थांबवून ठेवू नका. ३५० फॅरनहाइट म्हणजे १७५ सेल्सिअस, पंख्याच्या ओव्हनमध्ये २० अंश कमी. आणि चक्का टांगायची कटकट गेली असं समजा: जास्त स्निग्धांशाचं 'क्वार्क' मिळतं, त्याचं श्रीखंड छान होतं.

गाडीची बातमी मात्र वाईट आहे. गाडी चालवण्याचा अमेरिकन परवाना जर्मन परवान्यात बदलून मिळणं तुमच्या राज्यावर ठरतं. टेक्सस किंवा पेनसिल्व्हेनियाचा परवाना परीक्षेशिवाय बदलतो, फ्लोरिडाला फक्त लेखी परीक्षा. न्यू जर्सी या यादीत नाही. जर्मनीत राहायला लागल्यापासून ६ महिने तुमचा परवाना चालतो, मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा, प्रथमोपचाराचा दिवसभराचा वर्ग आणि डोळ्यांची तपासणी. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. दुसऱ्या महिन्यातच सुरुवात करा, पाचव्यात नाही. तोवर दोन नियम पाठ करा: पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि लाल दिव्याला उजवीकडे वळायचं नाही, हिरव्या बाणाची पाटी असेल तरच, तेही पूर्ण थांबून.

धाकट्याचं लसीचं कार्ड आजच बघा. जर्मनीत पाळणाघर आणि शाळेसाठी गोवराच्या लसीचा पुरावा सक्तीचा आहे, आणि २ वर्षांवरच्या मुलाला दोन मात्रा लागतात. अमेरिकेत दुसरी मात्रा ४ ते ६ वर्षांच्या दरम्यान देतात, म्हणजे तुमच्या ३ वर्षांच्या मुलाची बहुधा राहिली असेल. पहिलीनंतर ४ आठवडे झाले असतील तर ती आधी देता येते. डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच उरका.

पैशांचं मोजकंच. परदेशी खात्यांतली एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला देणारा फॉर्म, भरावा लागतो, कर शून्य असला तरी. जर्मन बँकेतला माणूस प्रेमाने म्युच्युअल फंड सुचवेल, तो घेऊ नका. अमेरिकन कायद्यात परदेशी फंडांवरचा कर आणि कागदपत्रं फार जाचक आहेत. अमेरिकन फोन नंबर स्वस्त प्लॅनवर चालू ठेवा, नाहीतर बँकेचे ओटीपी येणार नाहीत. जर्मन कागदावर १.२३४,५६ म्हणजे बाराशे चौतीस युरो छप्पन्न सेंट. हाताने लिहिताना ७ ला मधे आडवी रेघ द्या, नाहीतर तो १ वाचला जातो. घरामागे महिना १८.३६ युरोचं प्रसारण शुल्काचं पत्र येईल. टीव्ही नसला तरी ते भरायचंच असतं, फसवणूक समजून फेकू नका.

आणि भेटीच्या वेळा. 'हाल्ब द्राय' म्हणजे साडेतीन नव्हे, अडीच; तिसऱ्याचा अर्धा. अमेरिकन सहकारी इथे हमखास फसतात, तुम्ही फसायचं कारण नाही, कारण आपलं अडीचही 'अर्धतृतीय'वरूनच आलंय. निवास परवान्याच्या कार्यालयात हाल्ब द्रायची वेळ मिळाली तर दोन वाजून वीस मिनिटांनी दाराशी असा. उशीर झाला तर पुढची तारीख काही आठवड्यांनंतरची मिळते.